कर्दळीभोवतीचा कट्टा

सांगलीच्या त्या सखल गल्लीत भार्गवी घोटाभर पाण्यात पट्टी धरून उभी होती. पुष्करची स्कूटर सर्रकन आली आणि तिच्याशेजारीच बंद पडली.

"सॉरी... पाणी मोजताय?"

"मोजत होते. अर्धं तुम्ही माझ्या अंगावर उडवलंत."

तो हसला, मग तीही.

पावसाचं पाणी गटारात न लोटता जमिनीत मुरवायचं, हे तिचं काम. पुष्करच्या हळदीच्या दुकानासमोर तिनं उथळ खड्डा खणून घेतला. तळाला खडी, वाळू, वर वाळा आणि कर्दळ. रस्त्यावरचं पाणी आपोआप त्यात उतरायचं. हा खड्डा यशस्वी झाला, तर गावात असे आणखी बारा होणार होते – आणि ती साताऱ्याला न परतता इथंच राहणार होती.

"मग या खड्ड्यावर माझंही बरंच अवलंबून आहे," पुष्कर म्हणाला.

"तुमचं काय?"

"सांगेन... कर्दळ फुलली की."

ती आठ दिवस घरी गेली. येणारेजाणारे हसायचे, "रस्त्यात खड्डे कमी होते व्हय?" पुष्करला ते सोसेना. तिला आवडेल म्हणून त्यानं खड्ड्याभोवती वीतभर उंच, सुबक कट्टा बांधून घेतला, निळ्या फरश्या लावल्या. वडिलांनी, आप्पांनी, विचारलं, तेव्हा लाजून म्हणाला, "मॅडमनीच सांगितलंय."

दुसऱ्याच दिवशी दुपारी ढग फुटला. पाणी कट्ट्याला अडलं आणि दुकानात वळलं. गल्लीभर पिवळे ओघळ वाहिले.

भार्गवी परतली, तेव्हा खड्ड्याच्या पाहणीला महापालिकेचे साहेब आले होते.

"कट्टा बांधायला तुमीच सांगितलं," आप्पा ओरडले, "आणि आमची हळद गेली की वो!"

"मी?" तिनं पुष्करकडे पाहिलं.

तो आपल्या पिवळ्या हातांकडे बघत राहिला...

"बुजवून टाका," साहेब म्हणाले.

चार दिवसांनी एसटी स्टँडवर तो धापा टाकत आला. हातात कर्दळीचं लाल फूल.

"मुरूम टाकायच्या आधी काढलं. भार्गवी, फुलली... माझं तुझ्यावर–"

"आप्पांना सांगितलंस, कट्टा कुणाचा ते?"

त्यानं फूल तिच्या हातात दिलं.

"सांगेन..."

तिनं फूल त्याच्या हातात परत ठेवलं आणि साताऱ्याच्या गाडीत चढली.