मुलगा झाला

बस, दिवा जवळ ओढून घे. आणि चहा गरम आहे तोवर पी, पुन्हा तापवायला माझ्याकडे शेण्या नाहीत.

त्या दुपारी मी शेळीची धार काढत होते. हिवाळी छावणी पडली होती, बर्फ भुरभुरत होतं. माझा नातू हुल्यू शेळीचे कान धरून उभा होता आणि तिलाच शहाणपण शिकवत होता. त्याचा बाप दक्षिणेच्या लढाईत गेला, आई तापाने गेली. मला तेवढा एकच उरला होता.

तेवढ्यात प्रधान ताबूये घोड्यावरून आला. "सुईणबाई, हात धुवा. खानांचा पुनर्जन्म आजच करायचाय. या पोरालाही घ्या बरोबर."

मला काही वावगं वाटलं नाही. बारा वर्षांनी एकदा आमचा खान नव्याने जन्मतो. झाडाच्या दुफाटी फांद्या उलट्या रोवून केलेल्या बेचक्यांखालून एक लहान मुलगा वाट दाखवत पुढे जातो, खान त्याच्यामागून वाकून निघतो, अशा तीन फेऱ्या. सुईण त्याच्या अंगावरून हात फिरवत मंत्र म्हणते. बाहेर एक म्हातारा बाणांचा भाता बडवून ओरडतो, 'मुलगा झाला!' मग खानाला डोक्यापासून पायापर्यंत बाळोत्यात गुंडाळून सरदारांपुढे नेतात. मागच्या खेपेला हाच खान मला म्हणाला होता, "सुईणबाई, जरा हळू, गुदगुल्या होतात."

तंबूत धूप कोंदला होता. त्याच्याखाली दुसरा एक वास होता. जन्मभर बाळंतपणं केलेल्या बाईला तो ओळखावा लागत नाही. लोकरीचा जाड नमदा अंगावर घेऊन खान निजला होता. मी छातीवर हात ठेवला.

"प्रधानजी… हे तर गार पडलेत…"

"हळू बोल." ताबूयेचा चेहरा पांढरा पडला होता. "पहाटेच गेले. युवराज अजून वाटेत आहेत. बातमी फुटली तर खानांचे भाऊ गादी बळकावतील. तू विधी कर. बाळोत्यात गुंडाळून हा शिपाई बाहेर जाईल." कोपऱ्यातल्या शिपायाकडे त्याने बोट केलं.

"मेल्या माणसावर जन्माचा मंत्र म्हणायचा नसतो, प्रधानजी. तो एका श्वासाचा मंत्र आहे. ज्याच्याजवळ श्वास आहे त्याचा ओढून…"

"बाहेर सरदार कान लावून बसलेत. मंत्र ऐकू गेलाच पाहिजे, आणि तोही खानांच्याच अंगावर; शिपायावर म्हटलास तर तोच खान ठरेल. नाही म्हणालीस तर खानांसोबत थडग्यात तुम्ही दोघं."

हुल्यूने माझ्याकडे पाहिलं. "आजी, पटकन करू. शेळी उपाशी आहे."

प्रधानाने आणि शिपायाने खानाला नमद्यावरून ओढलं. पुढे हुल्यू, मागे ते प्रेत. मी ठरवलं होतं, मंत्र मुद्दाम चुकवायचा. पण जिभेला सवय असते गं. हात अंगावर पडला की शब्द आपोआप नीट येतात. चुकवायला गेले तो शब्दही बरोबरच आला. तिसऱ्या फेरीला माझ्या हाताखाली ते अंग कोमट लागलं. मी ओरडले, "हुल्यू, थांब! पुढे जाऊ नकोस!" तो बेचक्यांखालून बाहेर पडलाच होता.

बाहेर भाता खणखणला. "मुलगा झाला!"

हुल्यू गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. मी त्याला उचललं तर मान मागे पडली. माझा सोन्यासारखा पोर… आणि माझ्यामागे त्या थोराड, दाढीवाल्या तोंडातून आवाज आला.

"आजी… मला उठव ना."

शिपाई पळाला. ताबूये मात्र प्रधान होता. त्याने बाळोतं उचललं आणि त्या देहाभोवती गुंडाळलं. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "तुझा नातू मेला. तो तुझ्या मांडीवर आहे. कळलं?"

मी होय म्हणाले.

त्याला बाहेर नेलं तेव्हा तो मोठमोठ्याने रडत होता. "आजी, आजी" करत होता. सरदार आनंदाने नाचले. नव्या बाळाने रडावं, हा केवढा मोठा शकुन!

पुढे मला खानाच्या तंबूत दूध पोचवायचं काम मिळालं. सुरुवातीला तो मला चिकटून बसायचा, घरी ने म्हणायचा. मी म्हणायचे, नेईन रे राजा, बर्फ वितळू दे. मग तो फर्मानं काढायला शिकला. मग माणसं मारायला. मी हळूच 'हुल्यू' अशी हाक मारली की दरवेळी थोडा उशिरा वळायचा. शेळीबद्दल विचारायचा, तेही बंद झालं.

परवा दूध ठेवलं तर सरदारांकडे पाहत म्हणाला, "ही म्हातारी कोण? बाहेर काढा हिला." आवाज पुरा खानाचा होता. मी समजले, आता आत कोणी नाही. रडू आलं, तशीच वळले.

पण मला जाता येईना. त्याच्या हाताने माझ्या झग्याची कड मुठीत धरली होती. पहारेकऱ्यांनी बोटं उघडू पाहिली, उघडेनात. शेवटी कापड कापावं लागलं.

खान तेव्हा युद्धाबद्दल बोलत होता. त्या हाताकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.