ज्या नंबराला दोन लागला नाही

ही गोष्ट खरी आहे.

मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. त्यामुळे मी 'खरं सांगतो' म्हटलं की लोक आधीच हसायला बसतात. बसा. मला सवय आहे.

गाव कारंजा घाडगे, जिल्हा वर्धा. साल २००६. दसरा नुकताच झाला होता. भुताच्या गोष्टी मध्यरात्री घडतात असा नियम आहे. ही भर दुपारी सुरू झाली आणि दिवेलागणीला संपली.

संपली, असं आपलं मी म्हणतो.

कारंज्यात माझी बहीण दिली आहे. तिचे यजमान भैय्याजी. हायवेवर त्यांचं हार्डवेअरचं दुकान, आणि दुकानाच्या माडीवर माझा भाचा प्रफुल सायबर कॅफे चालवायचा. मी आठ-पंधरा दिवस राहायला गेलो होतो.

तेव्हा हायवे रुंद करायचं काम चालू होतं. जेसीबीनं केबल तोडली.

नेट गेलं. मोबाइलचा टॉवर त्याच केबलवर, तोही गेला. उरला फक्त घरचा वायरवाला फोन. लोक बोलण्यासाठी एकमेकांच्या घरी जाऊ लागले. मला पहिली भीती तेव्हाच वाटली.

पण खरी पंचाईत प्रफुलची होती. त्याचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. मुलगी आष्टीची, अंकिता. त्याच्या मेलेल्या मित्राची बायको.

हा मित्र म्हणजे रोशन.

प्रफुल आणि रोशन वर्ध्याला एकत्र कॉम्प्युटर शिकले. मग एकानं कारंज्यात दुकान टाकलं, दुसऱ्यानं आष्टीत. तेव्हा नेट फोनवरून यायचं, मॉडेम नावाच्या डबीतून, कुंई कुंई करत. पण रोशननं एक युक्ती शोधून काढली होती. नेट नसलं तरी एका मॉडेमनं दुसऱ्या मॉडेमला सरळ फोन लावायचा. दोन्ही डब्या एकमेकींना शिट्ट्या मारतात आणि जुळतात. मग इथं टाइप केलेलं तिथं उमटतं, तिथलं इथं. मध्ये कोणी नाही.

दोघं रोज संध्याकाळी असं बोलत. आणि शेवटी एकजण लिहायचा, "येजो."

हे 'येजो' जरा समजून घ्या. आमच्याकडे निरोप देताना कोणी 'जा' म्हणत नाही. अशुभ असतं. 'येजो' म्हणायचं, म्हणजे 'ये पुन्हा'. फोन ठेवतानाही 'येजो'च. म्हणून कोणी लगेच चप्पल घालून निघत नाही.

रोशन निघाला.

२००१च्या थंडीत प्रफुलनं लिहिलं, "मटण केलं हाय, येजो." पलीकडून एकच शब्द आला, "निघालो." रोशन आपल्या जुन्या राजदूत फटफटीवर बसला. तळेगावच्या पुढे एका वळणावर त्याला ट्रकनं उडवलं.

मटणाचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.

पाच वर्षांनी त्याच अंकिताशी प्रफुलचं जमलं. तिचे वडील रूपराव तयार, भैय्याजी तयार. अडचण एवढीच की आता दोघांनी बोलायचं कसं? एकाच फोनची एक जोडणी माडीवर, दुसरी खाली भैय्याजींच्या गल्ल्याशेजारी.

"बापानं ऐकलं म्हणजे साऱ्या कारंज्यानं ऐकलं, मामाजी," प्रफुल म्हणाला. आणि त्यानं माळ्यावरून जुना मॉडेम काढला.

"तिच्यापाशी रोशनचा मॉडेम पडला हाय. तिले निरोप धाडला, लावून ठेवजो, मी फोन करतो."

कॉम्प्युटरही जुनाच काढला. त्यात 'आष्टी' असं नाव आधीपासून होतं. प्रफुलनं त्यावर बटण दाबलं.

नंबर फिरला.

शांतता...

मग शिट्टी. लांब, केविलवाणी. पलीकडून दुसरी शिट्टी आली.

जुळलं.

खालून भैय्याजींचा आवाज आला. "अबे प्रफुल! फोनमंधी मांजर मरून राह्यली काय बे?"

"नेट दुरुस्त करून राह्यलो, बाबूजी!"

"नेट दुरुस्त करतो का मांजर, पाह्य एकडाव. काय हो साळेसाहेब, तुमी तं शिकलेले, तुमी तरी सांगा त्याले!"

शिकलेले साळेसाहेब, म्हणजे मी, भाच्याचं प्रेमपत्र वाचण्यात गुंग होते. शिष्टाचार म्हणून मी पाठ फिरवली होती, पण भिंतीवर आरसा होता. आरशात अक्षरं उलटी दिसतात म्हणून मी शेवटी सरळच बघू लागलो. प्रफुललाही कोणाला तरी दाखवायचंच होतं.

तो लिहायचा, "जेवली काय?"

"नाई."

"काऊन?"

"भूक नाई लागत."

प्रेमात असंच होतं, मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नाही, पण सदरात मी असंच लिहायचो.

"काय करतं?"

"वाट पाहतो."

आता 'पाहतो' वाचून तुम्ही दचकाल. आम्ही दचकलो नाही. आमच्याकडच्या बाया 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात.

"लाइट हाय काय तिकडं?"

"अंधार हाय."

"इकडं बी लोडशेडिंगनं जीव खाल्ला. गरम होऊन राह्यलं."

 मग...

"मले थंडी वाजते."

दसऱ्यानंतरचं विदर्भातलं ऊन. पंख्याखाली बसून माझी बनियन भिजली होती.

शिट्टीच्या मागे मला अजून काहीतरी ऐकू येत होतं. फट... फट... फट... जुन्या गाडीचं इंजिन चालू ठेवून कोणी उभं असावं तसं.

"लाइन खराब हाय, मामाजी," प्रफुल म्हणाला.

असे पाच-सहा दिवस गेले. एक दिवस तो फार खुशीत होता. "मामाजी, अंकिता मले तू म्हणाले लागली!"

अंकिता पूर्वी त्याला 'भाऊजी' म्हणायची. लग्न ठरल्यावर काय म्हणावं ते ठरलं नाही, म्हणून काहीच म्हणत नव्हती. त्यामुळे 'तू' ही मोठीच प्रगती. मी त्याची पाठ थोपटली.

त्याच धुंदीत त्यानं ते विचारलं.

"रोशनची याद येते काय अजून?"

पडद्यावरची ती छोटी रेघ उघडझाप करत राहिली.

"नाई. तुले येते काय?"

प्रफुलनं माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि लिहिलं. मी त्याला थांबवायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण नवऱ्या मुलाची बोटं कोण धरतो?

त्यानं लिहिलं, "कधी कधी. पण तो गेला ते बरंच झालं आपल्यासाठी."

रेघ थांबली.

उघडली नाही, झाकली नाही.

फट... फट... सुद्धा बंद झालं.

खूप वेळानं दोन शब्द उमटले.

"हो काय."

"रागावली? बरं, ठेवतो आता," प्रफुलनं लिहिलं. आणि सवयीनं शेवटी, "येजो."

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपराव आणि अंकिता लग्नाच्या साड्या घ्यायला कारंज्यात आले. भैय्याजी रूपरावांना घेऊन दुकानात बसले. अंकिता चहा घेऊन माडीवर आली. मी तिथे असल्यामुळे हे भेटणं रीतीत बसत होतं. अशा कामासाठी म्हातारे उपयोगी पडतात.

तिनं कप ठेवला आणि प्रफुलवर डोळे वटारले.

"हप्ता झाला. एक फोन नाई तुमचा. मले वाटलं, लग्नाचा इचार बदलला काय."

प्रफुल हसला. "मामाजीसमोर नाटक कायले करतं? रोज तं बोलतो आपण."

"कायच्यावर?"

"मॉडेमवर!"

"तो तं जळेल हाय. जूनमंधी इज पडली तवाच जळला. तुमाले सांगणार कशी? फोन केला तं खाली बाबूजी उचलतात अन् हवापाण्याचंच इचारतात."

प्रफुलचं हसू तसंच राहिलं. आत काही नसलेलं.

'तुमचा', 'तुमाले'. माझ्या कानानं ते आधी टिपलं.

"कोणता नंबर लावता तुमी?" तिनं विचारलं आणि पडद्यावर वाकली. 'आष्टी'च्या पुढचा नंबर वाचला.

"हा तं जुना हाय. याच्या पुढं दोन लागला ना. ते गेल्यावर."

मधल्या काळात फोनवाल्यांनी सगळ्यांच्या नंबराला पुढे दोनचा आकडा लावला होता, तुम्हालाही आठवत असेल. सगळ्यांच्या म्हणजे जे हयात होते त्यांच्या.

मी रिसीव्हर उचलून तोच जुना नंबर फिरवला. रेकॉर्डवरची बाई गोड आवाजात म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही.

बाई खोटं बोलत नव्हती.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, कॉम्प्युटर बंद झाला. प्रफुलनं हिसका देऊन मॉडेमची वायर भिंतीतून उपटली.

आम्ही तिघं. अंधारलेली माडी.

आणि...

शिट्टी.

वायर प्रफुलच्या हातात लोंबत होती. डबीवरचा लाल दिवा लागला. मग पडदा उजळला. आधी पोह्याएवढा ठिपका, मग पूर्ण.

"येजो म्हणला होता ना तू."

अंकितानं तोंडावर पदर धरला.

त्याच्याखाली एक शब्द आला.

"निघालो."

पडदा विझला.

बाई 'मी येतो' म्हणेल. पण आमच्याकडची कुठलीही बाई 'मी निघालो' म्हणत नाही. 'निघाली' म्हणते.

"तेच हायेत," अंकिता म्हणाली. ओरडली नाही. चुलीवर दूध ठेवलंय हे आठवावं तशी म्हणाली. "एकच शब्द लिहाची सवय होती त्यायले."

प्रफुल धावत खाली गेला. "बाबूजी, यायले आज जाऊ नका देऊ. आष्टीकडून... रस्ता खराब हाय."

"रस्ता कवा चांगला होता बे?" भैय्याजी म्हणाले.

"मंग हिले तरी राहू द्या इथं!"

रूपराव उठून उभे राहिले. भैय्याजींनी जीभ चावली. "लाज हाय काय? लग्नाआंधी पोरगी सासऱ्याच्या घरी मुक्काम करते काय? जग काय म्हणन?"

मी काही बोललो नाही असं नाही. मी म्हणालो, "भैय्याजी, वर एक चमत्कारिक..." सगळे हसायला लागले. त्यांना वाटलं, साळेसाहेबांनी विनोद काढला. हे चाळीस वर्षांचं फळ.

दिवेलागण झाली होती. दारात काळीपिवळी जीप उभी होती. अंकिता बसली. तिनं प्रफुलकडे पाहिलंच नाही. हायवेकडे पाहत होती.

आणि भैय्याजी रीतीप्रमाणे म्हणाले, "येजो बेटा."

"येतो, बाबूजी," ती म्हणाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. रूपरावांनी सांगितलं, आणि गाडीतल्या इतरांनीही तेच सांगितलं.

तळेगावच्या अलीकडे त्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला. समोरून फटफटी आली म्हणाला. कोणाला दिसली नाही.

ऐकू सगळ्यांना आली.

फट... फट... फट...

गाडीला वळसा घालून ती मागच्या दाराशी थांबली. इंजिन चालूच.

अंकितानं दार उघडलं. ती उतरली. पदर नीट खोचला, जसा गाडीवर मागे बसताना खोचतात तसा.

"कुठं चालली बेटा?" रूपराव म्हणाले.

"येतो बाबा," ती म्हणाली.

गिअर पडल्याचा आवाज झाला. फट... फट... आष्टीकडे लांब लांब गेला.

रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी. एक बोंडही हललं नाही.

गावानं विहिरी पाहिल्या, नाले पाहिले. पोलिसांनी ड्रायव्हरला झोडपलं, मग सोडलं. एक चप्पलसुद्धा मिळाली नाही. रूपराव कितीतरी दिवस त्या वळणावर जाऊन बसत. 'येतो' म्हणून गेली, एवढंच सांगत.

नेट मात्र आलं. केबल जोडली गेली.

मी नागपूरला परत निघालो त्या दिवशी प्रफुलला भेटायला माडीवर गेलो. तो जुन्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. दाढी वाढलेली. मॉडेमची वायर अजून भिंतीत नव्हतीच. तो 'आष्टी'वर बटण दाबत होता. पुन्हा. पुन्हा.

"प्रफुल, चल खाली."

"एकडाव, मामाजी. एकच डाव."

शिट्टी आली.

त्यानं लिहिलं, "अंकिता?"

रेघ उघडझाप करत राहिली.

"पोचलो."

'पोचलो' एकटा पुरुष म्हणतो. दोघं मिळूनही म्हणतात. व्याकरणावर मी आयुष्यभर विनोद केले. त्या क्षणी मी देवाकडे एकवचन मागत होतो.

मग खालची ओळ आली. सावकाश, एकेक अक्षर. दोघांनी मिळून टाइप करावं तशी.

"तू मांगं राह्यला ते बरंच झालं आमच्यासाठी."

प्रफुल अजून कारंज्यातच आहे. लग्न केलं नाही. खातो, पितो, दुकानात बसतो. भैय्याजी सांगतात, पोरगा ठीक हाय, फक्त संध्याकाळी वर मांजर ओरडते.

माझ्या घरी आता फोन ठेवताना मी 'जा' म्हणतो. पाहुण्यांनाही 'जा' म्हणतो. नातेवाईक दुखावतात. बायको म्हणते, म्हातारपणात डोकं फिरलं. फिरलेलं बरं.

तुम्ही इथवर वाचलंत. आता निरोपाची वेळ. आमच्या रीतीनं मी तुम्हाला एक शब्द म्हणायला हवा.

तो मी म्हणणार नाही.

जा.