फ्यूज माझ्याच खिशात होता

खोटं वाटत असेल तर वाटू दे. सख्ख्या भावाला पटलं नाही, तुमच्याकडून काय अपेक्षा ठेवू?

मागचा मंगळवार. भर दुपारचे सव्वातीन.

दादा आणि मी लिफ्ट दुरुस्त करतो. ती इमारत जुनी, दगडी. खाली चकाचक कॉफीचं दुकान, वर काचेची ऑफिसं. लिफ्ट मात्र आजोबांच्या काळातली, जाळीच्या दाराची. वारसा आहे म्हणे, बदलायची नाही. तक्रार एकच, लिफ्ट आपोआप तिसऱ्यावर जाऊन थांबते.

तिसरा मजला कित्येक वर्षं कुलूपबंद आहे.

पाच फेऱ्या झाल्या, दोष सापडेना. इमारतीचा मॅनेजर टोमणे मारायचा. डोकं नुसतं उठलं होतं.

सहाव्या खेपेलाही लिफ्टचा डबा तिसऱ्यावरच. दादा तळमजल्याखालच्या, लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. आमच्या कामात एक नियम आहे. एक जण खड्ड्यात गेला की दुसऱ्याने मेन फ्यूज काढून खिशात ठेवायचा, म्हणजे लिफ्टला वीजच मिळत नाही. मी ठेवला. शपथेवर सांगतो, ठेवला.

मग वरून आवाज...

जाळी सरकली. पुन्हा लागली.

वाटलं, ऑफिसातलं कुणी अतिशहाणं. "अहो, काम चालू आहे," मी ओरडलो.

मोटारीचा आवाज नाही. पण दोर हलायला लागला...

डबा खाली येत होता.

"दादा, खाली बस."

तो अंग चोरून बसला. डबा तळमजल्याला बरोबर थांबला. दादाच्या डोक्यावर वीतभर जागा उरली होती.

जाळी उघडली... आत कुणी नव्हतं.

एक सांगतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं. ब्रेक सुटला तर रिकामा डबा वर जातो. खाली यायला आत माणसं लागतात. बरीच.

माझ्या डोळ्यांदेखत डबा किंचित वर उचलला गेला... पुन्हा किंचित... एकेक माणूस उतरताना होतो तसा. सात वेळा.

कॉफीच्या रांगेतली एक बाई फोनमधून मान वर न काढता बाजूला झाली. कुणाला तरी वाट दिल्यासारखी.

मग जाळी लागली आणि डबा वर गेला.

दादा खड्ड्यातून बाहेर आला. "फ्यूज कुठाय?"

मी खिशातून काढून दाखवला.

"हा तू आत्ता काढलास, डबा वर गेल्यावर," तो म्हणाला. "मेलो असतो तर तुझ्या वहिनीला काय सांगणार होतास?"

सांगून सांगून थकलो. वहिनी जेवायला वाढते, पण बोलत नाही. आई म्हणते, चूक कबूल कर आणि मोकळा हो. न केलेली चूक कशी कबूल करू? फार राग येतो, आणि कुणावर काढायचा तेही कळत नाही.

आज मॅनेजरचा फोन आला. लिफ्ट पुन्हा तिसऱ्यावर आहे.

उद्या जायचंय. दादाने आजच बजावलंय, फ्यूज त्याच्या खिशात राहणार.

खड्ड्यात मी उतरायचं.