सहा वाव पाणी

लेफ्टनंट पेनरिसची दुपार ठरलेली असे. इंग्लंडातल्या चॅटमच्या चर्चमध्ये बाराचे ठोके पडले की तो खोली मोजायला दोरीला बांधलेलं शिसं मेडवे नदीत सोडायचा. सहा वाव, म्हणजे छत्तीस फूट पाणी, आणि शिशाच्या बुडाला फासलेल्या चरबीला चिकटून आलेला तळाचा काळा चिखल. डोलकाठ्या उतरवून कायमच्या नांगरून टाकलेल्या जहाजावर दुसरं करायचं तरी काय? एकोणीस वर्षं आरमारात घासली, तीन लढाया पाहिल्या, आणि नशिबी आलं हे सडकं लाकूड राखणं. बढत्या वशिल्याच्या पोरांना. याच्या ओळखीचं म्हणावं तर एकटा टब, जहाजावरचा म्हातारा सुतार.

आणि सोमवारी पत्र आलं. कप्तानपद! गुरुवारी दुपारी होडी येईल, संध्याकाळच्या आत किनाऱ्यावर हजर व्हा, नाहीतर जहाज यादीतल्या पुढच्याला. पेनरिसला रडूच कोसळलं. तरी बाराला त्याने शिसं सोडलंच. चरबीला पांढरी वाळू लागून आली, पोवळ्याचे तुकडे मिसळलेली.

तशी वाळू त्याने फक्त वेस्ट इंडीजला पाहिली होती. टबने तिच्याकडे धड पाहिलंही नाही.

मंगळवारी चाळीस वाव दोरी गेली. बुधवारी सगळी, शंभर वाव, तरी तळ लागेना. समोर हाकेच्या अंतरावर बगळे चिखलात चालत होते.

"तुमच्या आधीच्या साहेबांनाही पत्र आलं होतं," टब खाली बघत म्हणाला. "अकरा वर्षं झाली. गुरुवारीच होडीत बसले."

"मग?"

"किनाऱ्यावर पोचलेच नाहीत म्हणतात. नका जाऊ, साहेब."

म्हाताऱ्याला एकटं पडायची भीती वाटतेय, पेनरिसने मनाची समजूत घातली. न जाऊन जन्मभर इथेच कुजायचं होतं का?

गुरुवारी तो होडीत बसला. नावाडी वल्ही मारू लागला. स्वच्छ ऊन होतं.

बऱ्याच वेळाने पेनरिसने मागे पाहिलं. जहाज तिथेच होतं. टबच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा दिसत होतं.

पुढे किनाराही निघताना होता तेवढाच लांब.

"अजून किती वेळ?" त्याने विचारलं.

"आधीचे साहेबही हेच विचारत होते," नावाडी म्हणाला.

"कधी?"

"आत्ता, मघाशी."

पेनरिसने आधारासाठी शेजारच्या रिकाम्या फळीवर हात टेकला. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी फळी अजून उबदार होती.