निम्मी शाई

दुकानात शिरले तेव्हा माझी बोटं काळी झाली होती आणि डोकं तापलं होतं. काउंटरमागच्या तरुणाने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग हातातल्या कार्ट्रिजकडे. त्याला हसू आलं होतं. त्याने ते गिळलं, पण मला दिसलंच.

"घरी भरलंत?"

"नवीन घ्यायचं तर त्या किमतीत दुसरा प्रिंटर येतो. सिरिंजने भरलं. पण उमटतच नाहीये काही."

त्याने कार्ट्रिज उजेडात धरलं. "वरच्या भोकाला चिकटपट्टी कोणी लावली?"

"मी. शाई सांडू नये म्हणून."

"हवा आत गेल्याशिवाय शाई खाली उतरत नाही हो." त्याने नखाने पट्टी सोलून काढली आणि कार्ट्रिजचं तोंड टिशूवर टेकवलं. काळा डाग पसरला. मग दुसरा टिशू ओला करून त्याने माझ्यापुढे सरकवला. "हा बोटांसाठी. डाग निघणार नाहीत, पण... प्रयत्न केल्याचं समाधान."

मला हसायचं नव्हतं. तरी हसले.

बाबांनी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढता काढता त्यांचे डोळे गेले — एक पूर्ण, दुसरा जायच्या वाटेवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं पुस्तक लिहिलं. ते कुणाच्या हाती देण्याआधी आपल्या डोळ्यांनी तपासायचं, एवढा एकच हट्ट होता त्यांचा. स्क्रीनचा उजेड त्यांना सोसत नसे, म्हणून मी बोराएवढ्या अक्षरांत पानं छापून द्यायचे. शाई पाण्यासारखी जायची. "मी वाचून दाखवते" म्हटलं की मान फिरवायचे. "तू चुका गिळतेस. मुलगी आहेस ना माझी."

त्यामुळे कार्ट्रिज भरून घ्यायला दुकानात वरचेवर जाणं आलं. आणि खरं सांगायचं तर त्या जाण्याची मी वाट बघू लागले. शाई आतल्या स्पंजात मुरेपर्यंत थांबावं लागायचं. त्या थांबण्यात बोलणं व्हायचं.

"आज कोणतं प्रकरण?"

"छापखान्यात पाणी शिरलं ते."

"आणि आईंचं?"

"शेवटी. बाबांनी राखून ठेवलंय." आई गेली तेव्हा मी फार लहान होते. तिच्याबद्दल बाबा जे कधी बोलले नाहीत, ते सगळं त्या प्रकरणात होतं.

"मनातलं राखून ठेवणारी माणसं बरी असतात," तो कार्ट्रिज पुसत म्हणाला.

"सगळीच नाही. काहींनी बोलावं..." मी म्हणाले, आणि त्याने वर बघायच्या आत रस्त्याकडे बघू लागले.

बाबांनी त्याला शाईवाला करून टाकलं होतं. "काय म्हणतो तुझा शाईवाला?"

"माझा नाहीये तो."

"बरं. गाल पूस, शाई लागलीय."

लागली नव्हती. लागली असती तरी त्यांना दिसली नसती.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, नजरेची हमी दिली नाही. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, बाबा दिवा जवळ ओढून बसले. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. पहिली पानं काळीभोर आली. मग राखाडी. मग नुसत्या रेघा... कार्ट्रिज तर नुकतंच भरून आणलं होतं. मी ते हलवलं, कोमट पाण्यात धरलं, शेवटी दुकानाकडे धावले. शटर बंद होतं, फोन नुसता वाजत राहिला. परत आले तेव्हा बाबा कोऱ्या पानावर भिंग धरून बसले होते.

"असू दे," ते म्हणाले. "घरी आल्यावर वाचेन."

घरी आले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. पुस्तकाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बऱ्याच दिवसांनी मी दुकानात गेले. "वाचून झालं बाबांचं?" त्याने हसत विचारलं. मी सगळं सांगितलं. त्याने हातातली सिरिंज खाली ठेवली.

"माझ्यामुळे झालं हे."

"तुमचा काय संबंध? अक्षरंच एवढी मोठी—"

"मी निम्मंच भरायचो. पैसेही निम्मेच घेत होतो. तुम्हाला इथला भाव माहीत नव्हता."

"का पण?"

तो स्वतःच्या काळ्या नखांकडे बघत राहिला. "तुम्ही लवकर परत यावं म्हणून."

हेच ऐकायला मी झुरत होते, आणि ते असं ऐकायला मिळालं. राग इतका आला की कार्ट्रिज तिथेच टाकून मी निघून आले आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दारात उभा होता, हातात भरलेलं कार्ट्रिज घेऊन. माझ्याशी न बोलता तो बाबांसमोर गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं — निम्मी शाई, कारण, शेवटची पानं. माफीही मागितली. बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"वाचता येतं?"

"येतं."

"जसं छापलंय तसं? पदरचं काही न घालता?"

"जसं छापलंय तसं."

प्रिंटर घरघरला. तो खुर्ची ओढून बसला आणि वाचू लागला — आई छापखान्यात पहिल्यांदा आली ते, तिच्या पदराला लागलेली शाई, बाबांचं उगाच पुन्हा पुन्हा तेच पान तपासणं. बाबांनी हात वर केला. "थांब. 'ती' दोनदा आलंय?"

"हो. 'ती ती हसली'."

"एक खोड."

मी तेच वाक्य टाइप केलं होतं, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. बाबा खुर्चीत सरसावून बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कामावर बसलेल्या माणसाचा झाला होता. माझा राग कुठे गेला, मला कळलं नाही. डोळे मात्र भरून आले.

प्रकरण अर्ध्यावर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "बस. आज निम्मंच."

"पण पानं आहेत सगळी, काका. शाईही काठोकाठ भरलीय."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "निम्मं ठेवलं की माणूस लवकर परत येतो, असं ऐकलंय."

त्याने खाली मान घातली. दारापर्यंत मी त्याच्यासोबत गेले. तो चपला शोधत राहिला, समोरच असूनही.

"उद्या... येऊ मी?"

"ये," मी म्हणाले. "आणि लवकर ये."