घरचाच वाद्यवृंद

दिवसभर कामावर दातांच्या कवळ्या घासून ती घरी आली, की हातपाय धुऊन तडक मागच्या खोलीत शिरायची. तिथे एक संगणक, कीबोर्ड, जुनी गिटार आणि मायक्रोफोन. जॅझ, फंक, अगदी मोठ्या वाद्यवृंदाच्या रचनासुद्धा ती तिथे एकटी बांधायची. नियम एकच: तालासाठी तयार ठोके घ्यायचे नाहीत, घरातलंच काहीतरी वाजवायचं.

"भांडी आपटायला तुला निमित्तच हवं," नवरा म्हणायचा. त्याला बोलायची दांडगी हौस. झोपेतसुद्धा तो गप्प नसे, भिंती हादरतील असा घोरायचा.

जॅझच्या रचनेत तिने बाथरूमच्या दाराची करकर घेतली. दार असं झकास रेकलं की तिला सॅक्सोफोन नंतर जोडायची गरजच वाटेना. दुसऱ्या दिवशी ते मुकाट उघडलं.

"तेल घातलंस?" तिने विचारलं.

"मी? मला वाटलं, तुलाच उपरती झाली."

दोघं हसली आणि विसरली.

मग फंक. त्याला पातेल्याच्या झाकणाचा ठणठणाट हवा होता, तोही फक्कड जमला. त्याच आठवड्यात ते झाकण तिच्या ओल्या हातातून निसटलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि थांबलं. आवाज झाला नाही. तिने ते उचलून ओट्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. शेजारी नळाची धार मात्र नीट ऐकू येत होती, म्हणजे कान शाबूत होते.

"बरं झालं," नवरा म्हणाला. "आता त्या कपाटाचंही बघ, फार कुरकुरतं." पण झाकण स्वतः आपटून पाहिल्यावर त्याने ते हळूच फळीवर मागे सारून ठेवलं.

तिला चैन पडेना. तिने जॅझमधून दाराची करकर पुसून टाकली, संगणकाच्या कचरापेटीतूनही काढली. वाटलं, जाईल परत जागेवर. दार तसंच मुकं राहिलं. करकर आता कुठेच नव्हती. तिने कानाला खडा लावला. घरातला एकही आवाज यापुढे घ्यायचा नाही.

रविवारी दुपारी ती वाद्यवृंदाची रचना घेऊन बसली. व्हायोलिन, चेलो, सगळं कीबोर्डवर, वायरीतून थेट संगणकात. मायक्रोफोनचं कामच नव्हतं. झालेलं ऐकायला तिने हेडफोन लावले. डबल बास फारच सुरेख लागलाय, तिला वाटलं. खोल, संथ, अगदी तालात.

डबल बास तिने अजून वाजवलाच नव्हता.

मायक्रोफोनचा लाल दिवा जळत होता. काल धूळ पुसताना खटका दाबला गेला असावा. खोलीचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर सोफ्यावर नवरा झोपला होता.

तिने हेडफोन काढले. घर शांत होतं.

ती बाहेर आली. तो उताणा पडला होता, तोंड उघडं, छाती वरखाली होत होती. तिने त्याच्या नाकाशी हात धरला. ऊब लागली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याने डोळे उघडले आणि हसून काहीतरी म्हटलं.

नुसते ओठ हलले.

"पुन्हा बोल," ती म्हणाली.

तो बोलला. मग त्याचा चेहरा उतरत गेला. गळ्याशी हात धरून तो बोलतच राहिला.

ती आत धावली. पुसायचं बटण समोर होतं. तिला ते दार आठवलं आणि बोट मागे आलं. त्याचा आवाज आता एवढाच उरला होता, या रचनेत. तिला रडू फुटलं. तिने हेडफोन चढवले आणि रचना सुरू केली.

घोरणं चाललं होतं. मग थांबलं.

"अगं," जांभई देत त्याचा आवाज म्हणाला, "किती वेळ एकटीच बसणार तिकडे? ये की इकडे."

हेडफोनमध्येच, त्याच्या आवाजामागे, बाथरूमचं दार करकरलं.

"आले," एक बाई म्हणाली.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. लाल दिवा अजून जळत होता. उघड्या दारातून नवरा दिसत होता, सोफ्यावर पाठमोरा, डोकं हातांत धरून बसलेला.

तिने त्याला हाक मारली.

तो वळला नाही. टेबलावरच्या हेडफोनमधून, बारीकशी, तिची हाक ऐकू आली.