निळ्या गाडीचे गचके

ती निळी गाडी आमच्या गॅरेजच्या दारात आली तीच मुळी उचक्या देत. दोन गचके, एक ठसका, आणि अर्धी आत, अर्धी रस्त्यावर अशी ठप्प!

मी काउंटरवर बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, समोर विमा कंपनीचं नेमणूकपत्र. एक तारखेला हजर व्हायचं होतं. म्हणजे काकाने तसं ठरवलं होतं. बाबा गेल्यापासून गॅरेज काकाच बघतो. गाडी चढवून खालून दुरुस्त करायचा बाबांचा दुसरा रॅम्प तीन वर्षं नुसता पडून, वर जुने टायर रचलेले. तो मला दे म्हणून भांडून भांडून माझा घसा बसला. पण काकाचं एकच पालुपद, "भिंगरी, ऑफिसात पंखा असतो. नखं स्वच्छ राहतात."

माझी नखं माझी मी बघून घेईन की!

गाडीतून एक उंच, ओशाळलेला माणूस उतरला. बाह्या नीट दुमडलेल्या. जवळ आला तसा लवंगेच्या तेलाचा वास आला.

"जोरच घेत नाही हो," तो म्हणाला. "एका गॅरेजने कॉइल बदलल्या, दुसऱ्याने पंप. फरक शून्य."

"क्लच," काका लांबूनच म्हणाला. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"नाही," मी म्हणाले.

काकाने वळून पाहिलं. मी काउंटरच्या बाहेर आलेसुद्धा होते.

"जागेवरून उठताना गचके देते, की पळता पळता?" मी त्या माणसाला विचारलं.

"पळता पळता. पाय दाबला की... जोर यायच्या ऐवजी जीवच जातो तिचा."

"क्लच असता तर उठतानाच थरथरली असती. मूळच्यातलं काय काय बदललंयत?"

"टर्बो मोठा बसवला. सायलेन्सर मोठा. आणि हवेचा फिल्टर कापडी, धुऊन वापरायचा." त्याचे कान लाल झाले होते. "सगळं मीच केलं."

"आणि एरवी काय करता?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"मग तुम्हीच सांगा डॉक्टर, पेशंट दुखतंय म्हणाला की न बघता दाढ उपटता का?"

तो हसला. "लायसन्स जाईल माझं!" मग काकाकडे वळून म्हणाला, "काका, यांना आधी बघू द्या ना."

काकाने मला बाजूला ओढलं, थेट कंप्रेसरच्या मागे. "संध्याकाळपर्यंत वेळ. एकही पार्ट न बदलता गचके घालव. जमलं तर रॅम्प तुझा. पण आठ दिवसांत गाडी परत आली, तर एक तारखेला मुकाट्याने ऑफिस."

"चालेल," मी म्हणाले.

पांढऱ्या बाह्या वर सारून मी गाडीत बसले. तो चालवत होता, मी कान लावून ऐकत होते. चढ लागला आणि गाडी पुन्हा गचकू लागली.

"ऐकताना तुमचे ओठ हलतात," तो म्हणाला.

"गचके मोजतेय. तुम्ही रस्त्याकडे बघा."

"बघतोय की..."

"कुठे बघताय ते दिसतंय मला. थांबवा गाडी."

बॉनेट उघडून मी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग खसकन उपटला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला! "आता परत चढावर घ्या."

गाडी चढली. अगदी उड्या मारत नाही, पण एकही गचका न देता.

"सापडला खोटारडा!" मी डॅशबोर्डवर थाप मारली. "हवा किती आली ते हा इंजिनला सांगतो, त्या हिशेबाने पेट्रोल मिळतं. हा कमी सांगतोय, म्हणून ती उपाशी मरतेय. त्याला गप्प केलं की इंजिन स्वतःच्या अंदाजाने चालतं." मी फिल्टर काढला. बोटं तेलाने निथळली. "अहो, याला तेल कितीदा घालता?"

"दर रविवारी... धुऊन, पुसून, भरपूर."

"वर्षातून एकदा घालायचं, तेही बेताने! ते तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसलंय. लाड करून करून जीव घेतलात तिचा."

तो इतका हिरमुसला की मलाच वाईट वाटलं. गॅरेजात परतून त्याने फिल्टर धुतला आणि उन्हात वाळवला. मी सेन्सरवर सफाईचा स्प्रे मारायला घेतला. तार केसापेक्षा बारीक.

"धरू मी?" तो म्हणाला. "दाताच्या नसा साफ करतो हो रोज."

त्याने धरला. हात जराही हलला नाही. आमची डोकी जवळ आली... पेट्रोल आणि लवंग. माझंच काळीज एक ठोका चुकलं, आणि त्यावर माझ्याकडे कुठला स्प्रे नव्हता.

पाचच्या सुमारास गाडी चढावर अशी सुसाट गेली की मी खिडकीतून ओरडले. त्याच संध्याकाळी जुने टायर मी एकटीने खाली फेकले. काका बघत राहिला. "आठ दिवस," एवढंच म्हणाला.

सातव्या दिवशी ती निळी गाडी परत आली. उचक्या देत!

काका आतून आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने ड्रॉवरमधून नेमणूकपत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"थांब," मी म्हणाले. "अजून मी बघितलेली नाही."

फिल्टर काढला, कोरडा. सेन्सर काढला, लखलखीत. मी ड्रायव्हरच्या दारापाशी गेले. "सरका."

मी चालवली. एक गचका नाही. उतरून शेजारच्या सीटवर गेले. "आता तुम्ही."

त्याने चालवली आणि गचके सुरू. मी इंजिनकडे कान लावलाच नाही, सरळ खाली त्याच्या पायांकडे पाहिलं. डावा पाय क्लचवर नाचत होता!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "गाडी परत आली तर माझा रॅम्प जाणार होता! बाबांचा रॅम्प! कळतंय का तुम्हाला?"

त्याचा चेहरा पांढराफटक. "देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं. मला फक्त... परत यायला काहीतरी कारण हवं होतं."

"कारण? दाराला कुलूप होतं का आमच्या?"

त्याने गाडी गॅरेजच्या दाराशी आणून थांबवली. मी उतरले.

"आता हेच आत येऊन सांगायचं. काकाला. मोठ्याने."

तो गेला. दोन गिऱ्हाईकं उभी होती, तरी गेला. "काका, गाडीत काही दोष नाही. गचके मी मुद्दाम दिले. तुमची पुतणी मला आवडते आणि सरळ सांगायची हिंमत नव्हती."

एक गिऱ्हाईक खोकलं. काकाने नुसता हात पुढे केला. "चावी."

बोलण्यावर काका कधीच विश्वास ठेवत नाही. तो स्वतः चढावर जाऊन आला. चांगली दहा मिनिटं. मी उभ्या उभ्या रुमाल पिळत होते. परत आल्यावर त्याने बॉनेट उघडलं, ऑइल बघायची पट्टी बाहेर काढली आणि पुसायला इकडेतिकडे फडकं शोधलं. सापडलं नाही. मग काउंटरवरचं माझं नेमणूकपत्र उचललं आणि पट्टी त्यालाच पुसली.

"ऑइल काळं झालंय," तो म्हणाला. "दुसऱ्या रॅम्पवर घे, भिंगरी. आणि तुम्ही, डॉक्टर, बाहेर बसा."

डॉक्टर बाहेर पायरीवर जाऊन बसला, शाळेतून हाकलल्यासारखा. मी गाडी रॅम्पवर चढवली, हात पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रागावलात ना?" तो म्हणाला.

"भयंकर. आणि ऐका, मलाही तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. पण त्यासाठी मी कुणाची गाडी बिघडवायला गेले नाही."

तो पायरीवरून उठला. मग हळूच म्हणाला, "मग... उद्या येऊ?"

"या. पण चालत या."